मूळ आणि बदली

‘बदली’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत. नोकरीनिमित्त मुलूख सोडून गावोगाव फिरणाऱ्या आपल्यासारख्यांच्या घरांत त्यांपैकी पहिला अर्थ लहान मुलांनाही पाठ असतो. बदली म्हणजे वरून आलेला हुकूम, सामानाची बांधाबांध, शाळेचा दाखला आणि नव्या गावी नव्याने शोधलेला दूधवाला. दुसरा अर्थ कारखान्यातला. यंत्राचा एखादा भाग झिजला म्हणजे तो काढून त्याच्या जागी दुसरा बसवितात. तो बदलीचा भाग. या दुसऱ्या अर्थाकडे माझे लक्ष काशीत आल्यावर गेले, आणि त्यातून जो प्रश्न उभा राहिला तो अखेर पहिल्या अर्थापाशी येऊन थांबला. त्याची ही हकीकत.

पुण्याहून आलेल्या पाहुण्यांना घेऊन एका संध्याकाळी आम्ही नावेने घाट पाहावयास निघालो होतो. पंचगंगा घाटावरून परत फिरताना नावेच्या इंजिनाने निळसर धूर ओकावयास आरंभ केला, दोन आचके दिले आणि ते बंद पडले. प्रवाह संथ होता, नावाड्याजवळ वल्ही होती, म्हणून अर्ध्या तासात आम्ही काठाला लागलो. पाहुण्यांना त्यात मौजच वाटली. नावाड्याचा चेहरा मात्र उतरला होता. भाडे घेण्यास तो तयार होईना. “बाबूजी, पिस्टन गेला असणार,” एवढेच तो म्हणाला.

काशीच्या नावांना बसविलेली इंजिने बहुधा शेतातल्या पाणी उपसणाऱ्या इंजिनांच्या जातीची. २०२१ सालापासून नावांना सी. एन. जी. वर चालणारी इंजिने बसविण्याची योजना येथे राबविली जात आहे आणि घाटावर गॅस भरण्याचे तरंगते केंद्रही झाले आहे; तथापि जुन्या धर्तीच्या इंजिनाची डागडुजी करून पोट भरणारी माणसे अजून पुष्कळ आहेत. पावसाळ्यात गंगेला पूर येतो, घाटांच्या पायऱ्या बुडतात आणि नावा बंद ठेवाव्या लागतात. तो काळ नावाड्याच्या उपासाचा आणि इंजिनाच्या दुरुस्तीचा. आमच्या या नावाड्याला मात्र ऐन हंगामात हा खर्च आला होता. दुसऱ्या दिवशी सहज चौकशीला म्हणून मी त्याच्याबरोबर मिस्त्रीच्या दुकानी गेलो.

दुकान कसले, एका गल्लीतला ओटाच तो. इंजिन उघडलेले होते. पिस्टनच्या एका बाजूला उभे ओरखडे पडले होते, रिंगा खोबणीत चिकटून बसल्या होत्या, लायनरच्या आतील भिंतीवर बोट फिरविले की काठ लागत होता. नावाड्यापुढे दोन पुड्या होत्या. एकीत इंजिन बनविणाऱ्या कंपनीचा पिस्टन, रिंगा आणि लायनर. दुसरीत तेच भाग, पण नामांकित नसलेल्या कारखान्याचे, आणि किंमत निम्म्याहूनही कमी. नावाडी माझ्याकडे वळून म्हणाला, “बाबूजी, आप पढ़े-लिखे हैं, बताइए.” शिकलेल्या माणसाची फजिती करण्यास एवढे वाक्य पुरेसे असते.

मी मिस्त्रीकडे पाहिले. साठीच्या पुढचा माणूस, बोलणे थोडे. त्यांना सगळे चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणालो, “चाचा, स्वस्त माल चालेल का?” त्यांनी उत्तर न देता मलाच विचारले, “इंजिन तापले का, ते आधी पाहिले का?” मग पाणी ओढणाऱ्या नळीचे तोंड त्यांनी माझ्यापुढे धरले. आत झेंडूच्या पाकळ्या, माळांचा दोरा आणि चिखल यांचा बोळा बसला होता. भाविकांनी गंगेला वाहिलेली फुले इंजिनाने गिळली होती. थंडावा देणारे पाणी अडले आणि पिस्टन तापून लायनरला घासला. “हे न पाहता सोन्याचा पिस्टन घातला तरी तो महिन्यात जळेल,” असे म्हणून त्यांनी नळीच्या तोंडाला लोखंडी जाळीची टोपली बांधावयास काढली. भागांच्या किमतीचा प्रश्न त्यांनी त्यानंतर हाती घेतला.

जंगलात लाकूड कापणाऱ्या यांत्रिक करवतीच्या चिमुकल्या इंजिनाचीही हीच कथा आहे. तिच्यात पेट्रोलमध्येच वंगण मिसळलेले असते. कोठे फटीतून फाजील हवा शिरू लागली की मिश्रण पातळ होते, वंगण अपुरे पडते आणि पिस्टन जळतो. फट न शोधता नवा पिस्टन बसविणारा मनुष्य दुरुस्ती करीत नाही. तो फक्त तोच नाश दुसऱ्यांदा विकत घेतो. प्रायश्चित्ताविषयी आपल्या धर्मग्रंथांनी जे सांगितले त्याचा गाभाही हाच नव्हे काय? पापाचे कारण जागच्या जागी ठेवून केवळ पापाचे फळ पुसता येत नाही.

चाचांनी मग स्वस्त पुडी उघडली. पिस्टन मापला, लायनर मापला. एकेक रिंग लायनरमध्ये उतरवून तिच्या दोन टोकांतील फटीत फीलर गेजची पाती सरकवून पाहिली. शंभर मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरात ही फट साधारणतः ०.३ ते ०.५ मिलिमीटर असावी लागते. ती कमी असेल तर तापून फुगलेल्या रिंगेची टोके एकमेकांवर आदळतात, रिंग मोडते आणि लायनर ओरबाडून काढते. जास्त असेल तर दाब निसटतो. एका रिंगेची फट कमी निघाली. कानशीने दोन हात देऊन त्यांनी ती बरोबर केली. नंतर पिस्टनची पिन जागी धरून ठेवणाऱ्या तारेच्या दोन कड्या, ज्यांना ते सर्क्लिप म्हणत, त्यांनी पुडीतून उचलल्या, बोटांत दाबून पाहिल्या आणि सरळ भंगाराच्या डब्यात टाकल्या. “पिस्टन याचा चालेल. कडी कंपनीचीच घालू. ही सुटली तर पिन सरकते, आणि मग काहीच उरत नाही.” ती कडी साऱ्या दुरुस्तीत सर्वात स्वस्त वस्तू होती.

घरी परतताना मला वाटले की, या वृद्धाने नकळत मीमांसेचे एक अधिकरण सोडविले आहे. जैमिनीच्या सूत्रांतील सहाव्या अध्यायाचा तिसरा पाद ‘प्रतिनिधी’ या विषयाला वाहिलेला आहे. यज्ञासाठी सांगितलेले द्रव्य मिळाले नाही किंवा नष्ट झाले तर काय करावे? कर्म सोडून द्यावे की दुसऱ्या द्रव्याने पुरे करावे? आज आपण ज्याला बदलीचा भाग म्हणतो त्याचीच ही दोन हजार वर्षांपूर्वीची चिकित्सा आहे. आणि तिची उत्तरे आजही ताजी आहेत.

पहिले उत्तर असे की, द्रव्याला प्रतिनिधी चालतो. व्रीही, म्हणजे भात, मिळाला नाही तर नीवार, म्हणजे रानात आपोआप उगवणारे देवभात, घ्यावे. पण ते त्याच्याशी अधिकात अधिक सदृश असावे. दुसरे असे की, जे मुळातच निषिद्ध ते सारखे दिसले तरी प्रतिनिधी होऊ शकत नाही. मुगाच्या जागी उडीद चालत नाहीत. तिसरे उत्तर मला सर्वात मार्मिक वाटते. प्रतिनिधी म्हणून घेतलेले द्रव्यही नष्ट झाले तर पुढचे द्रव्य मुळाशी सदृश असले पाहिजे, प्रतिनिधीशी नव्हे. नकलेची नक्कल, तिची पुन्हा नक्कल, अशा उतरंडीने माणूस मुळापासून किती दूर जातो हे कोणत्याही बाजारात पाहावे. रिंग मापताना चाचांनी जुनी झिजलेली रिंग शेजारी ठेवली नव्हती. मूळ माप त्यांच्या वहीत होते.

चौथे उत्तर निषेधाचे आहे. देवता, अग्नी, मंत्र आणि क्रिया यांना प्रतिनिधी नाही. तसाच यजमानालाही नाही. ज्याने संकल्प सोडला त्याच्या जागी दुसरा बसवून फळ मिळत नाही. म्हणजे काय वापरावे यात सवलत आहे. कोणासाठी करावे, कसे करावे आणि जबाबदार कोण, यांत नाही. पिस्टन लोकल चालेल, मापणे लोकल चालणार नाही.

हा विचार काशीत सुचावा यात नवल नाही, आणि मराठी माणसाला सुचावा यात तर मुळीच नाही. पैठणहून येथे येऊन स्थायिक झालेल्या भट्ट घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या मीमांसेचा व धर्मशास्त्राचा अभ्यास येथेच चालविला. कमलाकरभट्ट याच घराण्यातले. १६७४ मध्ये रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक करणारे गागाभट्टही याच घराण्यातले. गागाभट्टांचे पणजे नारायणभट्ट. सोळाव्या शतकात, १५८५ च्या सुमारास, राजा तोडरमल्लाच्या साहाय्याने विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारण्याचे श्रेय परंपरेने त्यांना दिले जाते. प्रयाग, काशी व गया या तीन क्षेत्रांवरील ‘त्रिस्थलीसेतु’ या ग्रंथात त्यांनी एका अवघड प्रश्नाला हात घातला आहे. काळाच्या फेऱ्यात मूळ लिंग काढले गेले आणि त्या ठिकाणी दुसरे स्थापिले गेले असेल तर यात्रेकरूने काय करावे? नारायणभट्टांचा निर्णय असा की, तेथे जे लिंग असेल त्याचीच पूजा करावी. आणि दुष्ट राज्यकर्त्यांमुळे तेथे कोणतेच लिंग नसेल तर त्या स्थानाला प्रदक्षिणा व नमस्कार करावा. महामहोपाध्याय काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासात या वचनाची दखल घेतली आहे.

ज्या पंडिताने स्वतः मंदिर उभारले, त्यानेच असे लिहून ठेवावे याला मोठा अर्थ आहे. मूळ वस्तूविषयी त्याला आस्था नव्हती असे कोण म्हणेल? परंतु मूळ नाही म्हणून यात्रा बंद पडणे हे त्याला अधिक मोठे नुकसान वाटले. १६६९ मध्ये ते मंदिर पाडले गेले. पुढे १७८० च्या सुमारास अहिल्याबाई होळकरांनी आजचे मंदिर बांधविले. दरम्यानच्या शंभरांहून अधिक वर्षांत यात्रेकरू काशीस येतच राहिले. आज दर्शनाच्या रांगेत उभा असलेला मनुष्य हे मूळचे दगड आहेत काय असे विचारीत नाही, आणि न विचारण्यात तो फसविलाही जात नाही. कारण दगड मूळचे आहेत असे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

येथे एक जुना तात्त्विक वाद आठवतो. ग्रीकांनी थीसियसच्या जहाजाची कथा सांगितली: एकेक फळी बदलत गेली, सगळ्या बदलल्या, तरी जहाज तेच का? मिलिंद राजाला नागसेनाने रथाविषयी विचारले: चाके रथ, की आस रथ, की जू? आपल्या वैशेषिकांनी तर, अवयव बदलला की जुना अवयवी नष्ट होऊन नवा उत्पन्न होतो, असे रोखठोक म्हटले. काशीच्याच रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात या वादाचे एक प्रचंड उदाहरण घडले. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९६४ मध्ये पहिले डिझेल इंजिन बाहेर काढणाऱ्या या कारखान्याने २०१८ मध्ये दोन जुन्या डिझेल इंजिनांचे रूपांतर ६९ दिवसांत विजेच्या जोड इंजिनात केले. प्रत्येकी २६०० अश्वशक्तीची ती इंजिने मिळून दहा हजार अश्वशक्तीचे एक जोड इंजिन झाले. सांगाडा जुना, प्राण नवा. हे तेच इंजिन की दुसरे? तार्किकाने काय ते ठरवावे. मालगाडी ओढली जाते की नाही एवढेच स्टेशनमास्तर पाहील.

परंतु नीतीचा प्रश्न तर्काच्या प्रश्नाहून निराळा आहे. ‘तेच आहे काय?’ याचे उत्तर काहीही असो, ‘तेच आहे’ असे सांगून पैसे घेता येतात काय, हा खरा प्रश्न होय. बाजारात तीन प्रकारचा माल असतो. एक मूळ कंपनीचा. दुसरा स्वतःच्या नावाने विकला जाणारा स्वस्त माल. तिसरा दुसऱ्याच्या नावाचा शिक्का मारलेला. दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांना आपण सरसकट ‘डुप्लिकेट’ म्हणतो आणि गरीब कारागिराला चोराच्या पंक्तीला बसवितो. १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा गुन्हा धरतो तो खोट्या शिक्क्याला, स्वस्ताईला नव्हे. दुसऱ्या प्रकारच्या मालाचा इतिहास तर अभिमानाचाही आहे. इंग्लंडातील डर्सली गावी बनणाऱ्या मंदगती लिस्टर इंजिनांच्या धर्तीवर राजकोटच्या कारखान्यांनी इंजिने काढली. पुढे तिकडे मूळ इंजिन बनणे बंद पडले, तरी राजकोटात ती बनत राहिली. मूळ गेले आणि बदली टिकली. आपल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ केला, तेथून कडबा कापण्याची यंत्रे, लोखंडी नांगर आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी. परदेशी नांगर हाती धरलेल्या शेतकऱ्याला हा देशी नांगर पहिल्या दिवशी ‘बदलीचा’च वाटला असेल.

तेव्हा स्वस्त भागात पाप नाही, असे म्हणून मी मोकळा होऊ शकलो असतो. पण एक शंका पाठ सोडीना. नावाड्याचा पिस्टन बंद पडला तर बुडण्याचा धोका नावाड्याचा एकट्याचा नाही. नावेत बसलेल्यांचाही आहे, आणि कोणता पिस्टन घातला हे त्यांना कोणी विचारलेले नाही. स्वतःच्या शेतातल्या पंपाला मनुष्याने काय वाटेल ते घालावे. दुसऱ्याच्या जिवावर काटकसर करण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? ‘परवडत नाही’ हे उत्तर खरे असते, पण ते पुरेसे असते काय?

याही बाबतीत मीमांसेने भेद केला आहे. नित्यकर्म यथाशक्ती केले तरी चालते. एखादे अंग उणे राहिले तरी कर्म घडते, कारण ते सोडणे हाच दोष आहे. काम्यकर्म मात्र, म्हणजे विशिष्ट फळाच्या इच्छेने केलेले, सर्व अंगांनी पूर्ण असलेच पाहिजे. तेथे ‘जमले तेवढे केले’ हे म्हणणे ऐकून घेतले जात नाही. नाव चालली तरच चूल पेटणार, अशा माणसाची काटकसर पहिल्या जातीची. दहा नावांचा मालक दोन पैसे अधिक सुटावेत म्हणून तोच पिस्टन घालतो, तेव्हा तो काम्यकर्म करीत असतो आणि त्याला यथाशक्तीची सबब नाही. शिवाय पहिल्यालाही निषिद्ध वस्तूची मुभा नाहीच. ती तारेची कडी म्हणजे मुगाच्या जागचे उडीद. जेथे भाग मोडला असता फक्त आपला वेळ व पैसा जातो तेथे स्वस्त. जेथे दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो तेथे उत्तम. आणि दोन्हीकडे वल्ही नावेतच ठेवावयाची.

हे सारे लिहिताना मला माझीच एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका प्रांतात आणि आता ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही अशा एका कचेरीत, पाणीपुरवठ्याच्या पंपांच्या सुट्या भागांची फाईल माझ्यापुढे आली. मागणीत अमुक कंपनीचे भाग ‘अथवा तत्सम’ असे शब्द होते. सर्वात कमी दराची निविदा समोर होती. तांत्रिक लिफाफा आधी आणि दराचा नंतर उघडावा, ही पद्धत आपल्याला ठाऊक आहेच. तिच्यामागचा विवेक असा की लायक कोण हे ठरल्यावाचून स्वस्त कोण हे विचारूच नये. मीही दोन्ही लिफाफे क्रमाने उघडले. पहिल्यात ‘तत्सम’ असल्याचे प्रमाणपत्र होते. त्यावर मी सही केली. एकही भाग कोणी मापला नाही, आणि मापला काय असे मी विचारले नाही. ऐन ज्येष्ठात पंप बसला आणि त्या गावाला चार दिवस पाणी नव्हते. चौकशीत ठपका पुरवठादारावर आला. माझे कागद चोख होते.

इतकी वर्षे मी त्या प्रकरणाची आठवण ‘स्वस्त मालाचा परिणाम’ अशा शीर्षकाखाली मनात ठेवली होती. चाचांना रिंग मापताना पाहिले त्या दिवशी ते शीर्षक खोडावे लागले. माल स्वस्त होता हा दोषच नव्हता. तोच माल मापून घेतला असता तर कदाचित चालला असता, आणि न चालणारा असता तर भंगाराच्या डब्यात गेला असता. मी द्रव्याचा प्रतिनिधी घेतला नव्हता. मी क्रियेचा प्रतिनिधी घेतला होता. मापण्याच्या जागी प्रमाणपत्र बसविले आणि यजमानाच्या जागी नियम. शास्त्राने ज्या वस्तूंना बदली नाही म्हणून सांगितले होते, नेमक्या त्याच मी बदलल्या. डोक्यावर हंडा घेऊन त्या चार दिवसांत किती बायका किती लांब गेल्या, हे कोणत्याच फाईलीत नाही.

मीमांसेच्या त्याच पादात आणखी एक अपवाद आहे. सत्र नावाच्या यज्ञात यजमान अनेक असतात. त्यांतला एखादा मध्येच मरण पावला तर संख्या पुरी करण्यासाठी दुसरा मनुष्य आणून बसवितात. हा बदलीचा यजमान. यज्ञाचे फळ त्याला मिळत नाही. पण यजमानाचे सगळे नियम मात्र त्याने पाळावयाचे असतात. हे वाचले आणि मला आपल्या साऱ्या ज्ञातीची आठवण झाली. आपणही एका लांब चाललेल्या सत्रात मधूनच आणून बसविलेली माणसे. काल या खुर्चीवर दुसरा होता, उद्या तिसरा येईल. ज्या गावचे पाणी, रस्ते, शाळा आपण पाहतो त्या गावात आपले घर नाही. लावलेल्या झाडाच्या सावलीत आपण बसणार नाही. फळ नाही, नियम मात्र सगळे आहेत. ‘मी तर बदलीवर आलेला’ असे म्हणून नियमांतून सुटू पाहणारा मनुष्य त्या पुडीतल्या कडीसारखा. आकार बरोबर, ताण नाही.

नावाड्याने अखेर स्वस्त पिस्टन आणि लायनर घेतले, कड्या कंपनीच्या घेतल्या, नळीला जाळी बसविली. चाचांनी पावतीवर पिस्टनपुढे ठळक अक्षरांत ‘लोकल’ असे लिहिले. तसे लिहिण्याची गरज काय, असे मी विचारले. ते म्हणाले, “उद्या हे इंजिन दुसऱ्याने उघडले तर त्याला कळावयास नको?”

माझ्या सहीच्या त्या कागदावर मी ‘तत्सम’ असे लिहिले होते. तो ज्याच्या हाती गेला असेल त्याला त्यातून काय कळले असेल, याचा मी आता पुष्कळदा विचार करतो.